फॅक्स मशीनची स्पीड डायल यादी नव्याने लावताना: कामाच्या नोंदी

सोमवार, ३ जून

सकाळी एका दवाखान्यातून आमच्या लॅबला फोन. दोन आठवडे झाले, त्यांच्या पेशंटांचा एकही रिपोर्ट फॅक्सने आलेला नाही. मूळ कागद दोन-तीन दिवसांनी हातोहात पोचतात म्हणून इतके दिवस कोणी विचारलं नाही, पण आज एका पेशंटचा रिपोर्ट तातडीने हवा होता.

जर्नल काढलं, म्हणजे गेलेल्या फॅक्सची मशीन छापतं ती यादी. त्या दवाखान्याच्या नावापुढे सगळीकडे ‘ओके’ आहे. एकूण ११ पानं गेलेली. मग रजिस्टर आणि जर्नल शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने जुळवला. त्यांचा नंबर मशीनमध्ये स्पीड डायल कोड ०१४ वर साठवलेला आहे; त्यात शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत, ६८ च्या जागी ८६. दवाखान्याने नवी लाइन घेतल्यावर आमच्याकडे नंबर बदलला गेला, तेव्हाच हे झालं.

पहिलं काम ती ११ पानं शोधण्याचं. पलीकडे कोणाचं तरी फॅक्स मशीन होतं हे नक्की, नाहीतर ‘ओके’ आलंच नसतं. त्याच नंबरला एका पानावर मोठ्या अक्षरांत विनंती पाठवली: आमचे कागद चुकून तुमच्याकडे आलेत, कृपया फोन करा. दुपारी फोन आला. एक व्यापारी कचेरी होती. त्यांच्याकडच्या बाईंनी ९ पानं पाकिटात घालून ठेवली होती, दोन फाडून टाकली म्हणाल्या. आमचा माणूस जाऊन पाकीट घेऊन आला. ज्यांचे रिपोर्ट होते त्या पेशंटांना मॅडम स्वतः फोन करून झालं ते सांगणार आहेत.

हाताने लावलेला नंबर चुकला तर एक फॅक्स चुकतो. साठवलेला चुकला तर तो कोड दाबणाऱ्या प्रत्येकाच्या हातून, रोज, त्याच जागी चुकतो. आणि स्क्रीनवर नाव बरोबर दिसत असतं, त्यामुळे शंका यायला जागाच राहत नाही. हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग सगळी यादीच तपास.” आजपासून हे काम माझ्याकडे. ०१४ आजच दुरुस्त केला, दवाखान्याला फोनवर धरून ठेवून.

मंगळवार, ४ जून

मशीनमधून यादी छापून घेतली. ८ वन-टच बटणं आणि १०० स्पीड डायल कोड, त्यांतले ६१ भरलेले. बटणांवरच्या प्लॅस्टिकखाली कोणीतरी पेनने लिहिलेली पट्टी आहे. पट्टीवरची तीन नावं आणि आत साठवलेली नावं जुळत नाहीत.

नावं वाचताना डोकं दुखलं. मशीन फक्त रोमन अक्षरं घेतं, तीही १६, आणि आकड्यांच्याच बटणांवरून एकेक अक्षर दाबत बसायचं. त्यामुळे प्रत्येकाने कंटाळून तोडलंय. ‘डॉ. के न्यू’, ‘डॉ. के २’, ‘क्लिनिक’, नुसतं ‘फॅक्स’. ज्याने भरलं त्यालाच कळणारी नावं, आणि ज्यांनी भरली त्यांतले निम्मे आता इथे नाहीत.

नऊ नंबर दोनदा साठवलेत, वेगवेगळ्या नावांनी. म्हणजे खरे नंबर ५२. एक जागा बदलली, दुसरी राहिली, असं पुढे होणारच होतं. त्यातला एक कोड बहुतेक सगळे वापरतात, दुसरा फक्त आमच्याकडचे काका वापरतात.

आणखी एक दिसलं. बाहेरची लाइन घ्यायला आमच्या इंटरकॉमवर आधी ९ लावावा लागतो. ६१ पैकी ४० नोंदींत ९ आहे, बाकीच्यांत नाही. “अमुक कोड चालत नाही, हातानेच लाव” असं जे इथे वर्षानुवर्षं नव्या माणसाला सांगितलं जातं, त्याचं मूळ बहुधा इथेच.

बुधवार, ५ जून

आजचा पूर्ण दिवस पॉजमध्ये, म्हणजे नंबर लावताना मशीनला मधे थांबायला लावण्यात गेला, आणि गेला त्याचं समाधान आहे.

ज्या ४० नोंदींत ९ आहे, त्यांतही काही कधी लागतात, कधी लागत नाहीत. स्पीकर चालू करून ऐकत बसले. ९ लागला की इंटरकॉम बाहेरची लाइन शोधतो आणि मग दुसरी डायल टोन देतो. त्याला क्षणभर लागतो. सकाळी लवकर लाइन मोकळी असली की लगेच देतो, अकराच्या सुमारास सगळे फोनवर असताना उशीर करतो. माणूस हाताने लावताना ती टोन कानाने ऐकून थांबतो. आमचं मशीन थांबत नाही, साठवलेले सगळे आकडे दोन-तीन सेकंदांत ओतून मोकळं होतं. टोन यायच्या आत गेलेला पहिला आकडा हवेत विरतो, उरलेल्यांचा अर्धवट नंबर होतो. मग कधी नुसती शांतता, कधी ‘हा नंबर अस्तित्वात नाही’.

यावर उपाय मशीनमध्येच आहे. नंबर साठवताना ९ नंतर रीडायल/पॉज बटण दाबायचं, स्क्रीनवर छोटी आडवी रेघ येते. आमच्याकडे एका रेघेला तीन सेकंद. एक रेघ लावून अकरा वाजता, गर्दीच्या वेळी, वीस वेळा लावून पाहिलं. वीसही वेळा पहिला आकडा टोन आल्यावरच गेला. दोन रेघा लावायची गरज नाही.

हेच बटण मोकळ्या वेळी दाबलं तर शेवटचा नंबर पुन्हा लावतं. नंबर भरत असताना दाबलं तर पॉज. नव्या माणसाला हा फरक हातात धरून दाखवावा लागेल, नुसतं सांगून कळत नाही.

एका हॉस्पिटलच्या नोंदीत नंबर, मग पाच रेघा, मग तीन आकडी एक्स्टेन्शन असं होतं. तिकडे आधी स्वागताचा रेकॉर्ड केलेला आवाज लागतो, तो संपेपर्यंत थांबून एक्स्टेन्शन दाबायचं, असा विचार. ज्याने केलं त्याने डोकं लावून केलं. पण पॉजची मोजणी आपले आकडे संपले की सुरू होते, पलीकडे फोन उचलला गेला की नाही याची आपल्या मशीनला कल्पना नसते. तिकडे दोन रिंगनी उचललं तर जमतं, पाच रिंगनी उचललं तर एक्स्टेन्शन आधीच जाऊन चुकतं. शिवाय डायलिंग संपल्यावर मशीन साधारण ३५ सेकंद पलीकडच्या मशीनची वाट बघतं आणि मग सोडून देतं. हॉस्पिटलला फोन करून थेट लाइन आहे का विचारलं. होती. आम्ही विचारलंच नव्हतं.

शुक्रवार, ७ जून

तपासायचं कसं, ते ठरवलं. घाईने फोन फिरवायला बसले असते तर पुन्हा तेच झालं असतं.

आधी ‘ओके’ म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगितलं, कारण ०१४ च्या वेळी प्रत्येक जण “पण ओके आलं होतं” हेच म्हणत होता. फॅक्स लागला की आपलं मशीन दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा बीप देतं: मी फॅक्स आहे. पलीकडचं मशीन २१०० हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देतं. मग दोघं आपापली ऐपत सांगतात, किती वेगाने घेशील, किती बारीक रेघा छापशील. याच वेळी पलीकडचं मशीन आपली ओळखही पाठवतं, जास्तीत जास्त २० अक्षरांची. मग पान जातं, आणि पान संपल्यावर तिकडून ‘मिळालं’ असा संकेत येतो. आपला ‘ओके’ हा त्या संकेताचा. कोणत्या तरी मशीनने पान घेतलं, एवढंच त्यात आहे. ते मशीन कोणाच्या टेबलावर आहे, हे त्यात कुठेच नाही.

ती २० अक्षरांची ओळख मात्र कामाची आहे. फॅक्स गेल्यावर मशीन छापतं त्या रिपोर्टमध्ये ती वेगळ्या रकान्यात येते. आमच्या यादीतलं नाव छापतं ते आमचं मशीन, आमच्याच स्मरणातून. ओळखीच्या रकान्यातलं येतं ते पलीकडून. ०१४ च्या जर्नलमध्ये त्या रकान्यात दोन आठवडे परका नंबर छापून येत होता, आणि आमच्यापैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही. मीसुद्धा नाही, रोज जर्नल फाइलला मीच लावते.

तरी ओळखीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ती पलीकडच्या माणसाने स्वतः भरलेली असते. कोणी भरतच नाही, कोणी जुनाच नंबर ठेवतो.

म्हणून पद्धत अशी. फोन करायचा तो दवाखान्याच्या लेटरहेडवरच्या टेलिफोनला. फॅक्स नंबर त्यांनी वाचून दाखवायचा, आपण लिहून घ्यायचा. आपण वाचला तर समोरचा अर्धवट ऐकून “हो, हो, बरोबर” म्हणतो. काल सहज तीन जणांना मुद्दाम एक आकडा चुकवून वाचून दाखवला, दोघं हो म्हणाले (लगेच खरं सांगितलं त्यांना). लिहून घेतलेला नंबर कोडमध्ये भरायचा, आणि त्याच कोडवरून एक चाचणीचं पान पाठवायचं. त्यावर पेशंटचं काही नाही, फक्त मी हाताने लिहिलेला एक चार आकडी अंक. तो अंक त्यांनी फोनवर वाचून दाखवला की मगच आमच्या यादीवर बरोबरची खूण.

मंगळवार, ११ जून

शुक्रवार दुपारपासून आज संध्याकाळपर्यंत फोन, सगळे ५२. बरोबर ४१. चुकीचे ३, ०१४ धरून. पाच ठिकाणी फॅक्सच बंद झालाय. तीन ठिकाणी टेलिफोन लागत नाही.

दुसरा चुकीचा नंबर एका दवाखान्याच्या दुसऱ्या शाखेचा निघाला. रिपोर्ट भलत्या शाखेत जात होते आणि तिथली मंडळी निमूटपणे पुढे पाठवत होती.

तिसरा विसरता येणार नाही. त्या कोडवरून चाचणीचं पान जाईना, प्रत्येक वेळी ‘उत्तर नाही’. म्हणून साध्या फोनवरून तो नंबर लावला. एका आजींनी उचलला. घरचा फोन. मी कोण ते सांगितलं, तशा म्हणाल्या, “मग ती शिट्टी तुमची का?” महिन्यातून तीन-चार दिवस फोन वाजतो, उचलला की आतून थांबून थांबून बीप, ठेवला की तीन मिनिटांनी पुन्हा. आमचं मशीन फॅक्स गेला नाही की तीन-तीन मिनिटांनी आपोआप पुन्हा लावतं, तीन वेळा. त्यांना वाटायचं, परगावच्या मुलाचा फोन आहे आणि लाइन खराब आहे, म्हणून त्या दर वेळी “हॅलो, हॅलो” म्हणत धरून बसायच्या.

क्षमा मागितली. त्या उलट मलाच समजावत होत्या, “असू दे गं, आता कळलं ना.” कोड त्यांच्याशी बोलत असतानाच पुसला. मेमरीत त्या नंबरला जायचं एक काम अजून वाट पाहत होतं, त्यामुळे मशीन आधी नंबर पुसूच देईना. ते काम रद्द केलं, मग पुसला.

काम वाट पाहत असताना कोडला हात लावता येत नाही, ही अडवणूक योग्यच आहे. पण मशीन का अडतंय हे स्क्रीनवर स्पष्ट येत नाही. फाइलमध्ये लिहून ठेवलं.

बुधवार, १२ जून

नावं आणि क्रम.

१६ अक्षरांत आधी आडनाव, मग दवाखान्याचं लघुरूप, शेवटी शाखा. मशीन नावं वर्णानुक्रमाने लावतं, त्यामुळे पुढे ‘डॉ.’ लावलं की सगळे एकाच अक्षराखाली गोळा होतात आणि शोधायचा उपयोग संपतो. ‘डॉ.’ काढून टाकलं. एकाच आडनावाचे दोघं आहेत, त्यांच्या नोंदींत दवाखान्याचं नाव आधी घेतलं, म्हणजे शोधताना ते एकाखाली एक येणार नाहीत.

वन-टच बटणांवरून काकांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, सर्वांत जास्त फॅक्स जातात त्या आठ दवाखान्यांना ती बटणं द्यावीत. बरोबरच वाटतं ऐकायला. पण आमच्या मशीनवर कागद घालून वन-टच दाबलं की नंबर लगेच लागतो, स्टार्ट दाबायचं नसतं. बोट शेजारच्या बटणावर पडलं तर स्क्रीनवरचं नाव वाचेपर्यंत डायलिंग सुरू झालेलं असतं. स्पीड डायलला तीन आकडी कोड दाबावा लागतो, नाव दिसतं, आणि ते वाचून स्टार्ट दाबायचं. ते दोन सेकंद मला हवेत. पेशंटचा रिपोर्ट वन-टचवरून जाणार नाही, यावर मॅडमनी शिक्कामोर्तब केलं. वन-टचवर आमची मुख्य शाखा, सामान पुरवणारे, मशीन दुरुस्तीवाले, एवढेच.

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती मात्र माझ्या लक्षात आली नसती. मी कोड ००१ पासून सलग नव्याने लावणार होते. ते म्हणाले, “माझ्या बोटांना ०१४ पाठ आहे, ०२७ पाठ आहे. तू तिथे दुसरा माणूस बसवलास तर मी उद्या त्यालाच फॅक्स लावीन.” अगदी खरं. म्हणून बरोबर ठरलेले सगळे कोड जिथे होते तिथेच ठेवले. बंद झालेल्या पाच ठिकाणांचे आणि दुहेरी नोंदींचे कोड रिकामे केले, पण निदान सहा महिने त्यांत नवा नंबर भरायचा नाही. रिकामा कोड दाबला तर मशीन नुसतं नाकारतं, त्याने कोणाचं बिघडत नाही. दुहेरी नोंदींत कोणता कोड ठेवायचा ते बहुतेक जण वापरतात त्यावरून ठरवलं. काकांना एक नवा पाठ करावा लागेल, ते कबूल झाले.

गुरुवार, १३ जून

ग्रुप, म्हणजे एकाच वेळी अनेकांना फॅक्स पाठवायची यादी. एकच सापडला, ‘सर्व डॉक्टर’, २७ जण, वन-टच ७ वर. सुट्टीची सूचना पाठवायला कोणीतरी केला असणार. त्या बटणावर चुकून एक रिपोर्ट पडला असता तर २७ ठिकाणी गेला असता. वन-टचवरून काढून मेनूच्या आत नेला, तिथे पोचायला चार पायऱ्या आहेत. आमच्या मशीनमध्ये ग्रुप नंबर साठवत नाही, कोड साठवतो, म्हणजे कोड दुरुस्त केला की ग्रुपही दुरुस्त. तपासून खात्री केली.

मंगळवार, १८ जून

आपली स्वतःची ओळख पाहिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापून जाते ती ओळ. लॅबचं नाव बरोबर, नंबर तीन वर्षांपूर्वीचा, घड्याळ ४० मिनिटं मागे. आम्ही दवाखान्यांना ओळखीचा रकाना बघा म्हणून सांगतोय, आणि त्यांच्या जर्नलमध्ये आमच्या नावावर बंद पडलेला नंबर. दोन्ही नीट केलं, मुख्य शाखेला पान पाठवून त्यांच्याकडून वाचून घेतलं.

संध्याकाळी मशीनची वायर काढून रात्रभर तसंच ठेवलं, वीज गेली तर यादी राहते का ते बघायला. सकाळी यादी जशीच्या तशी होती. मेमरीत मुद्दाम ठेवलेलं उशिराने पाठवायचं एक पान मात्र गेलं. म्हणजे नंबरांची भीती नाही, पण वीज गेल्यावर रात्रीच्या वेळेला लावून ठेवलेले फॅक्स पुन्हा तपासायचे. (शेवटच्या तीन ओळी १९ तारखेला लिहिल्या.)

छापील यादीची एक प्रत, तारीख टाकून, कपाटातल्या फाइलमध्ये. भिंतीवर फक्त नावं आणि कोड, पूर्ण नंबर नाहीत.

शुक्रवार, २१ जून

नवी रीत सुरू होऊन आठवडा झाला. कोड दाबा, नाव मोठ्याने वाचा, स्टार्ट. फॅक्स गेल्याचा रिपोर्ट छापून आला की ओळखीचा रकाना आपल्या यादीशी जुळवून सही करा. पहिल्या दोन दिवशी कुरकुर झाली, नंतर नाही.

आज ती सही कामी आली. रिसेप्शनवरच्या ताईंनी एक पान पाठवलं, ‘ओके’ आलं, पण ओळखीच्या रकान्यात पहिल्या आठवड्यातल्यापेक्षा वेगळा नंबर. त्यांनी पुढची चार पानं थांबवली आणि दवाखान्यात फोन केला. दवाखान्यानेच काल मशीन बदललंय, नव्यावर ओळख दुसरी आहे. पान त्यांच्याच हातात होतं. काही चुकलेलं नव्हतं, तरी ताईंनी थांबवलं याचा मला मनापासून आनंद झाला. यादीत नवी ओळख लिहिली.

नंबर बदलण्याचा अधिकार आता दोघींना, ताईंना आणि मला. एकीने भरायचा, दुसरीने चाचणीचं पान पाठवायचं.

गुरुवार, २७ जून

टेलिफोन न लागणाऱ्या तीन ठिकाणांपैकी दोघांचा पत्ता लागला, दोन्ही तपासून भरले. तिसऱ्याचा कोड रिकामा करून ठेवलाय. त्यांचे रिपोर्ट तूर्त हातोहात.

माळ्यावर आमचं जुनं फॅक्स मशीन पडून होतं, भंगारात द्यायचं म्हणून. सुरू करून पाहिलं तर आत जुनी यादी शाबूत, ४३ नावं. सगळी पुसली, मूळ सेटिंगवर आणलं, पुन्हा यादी छापून कोरी आल्याची खात्री केली. ते रिबनवर छापणारं आहे. रिबनची गुंडाळी उलगडून उजेडापुढे धरली तर छापलेल्या प्रत्येक पानातली अक्षरं तिच्यावर पारदर्शक होऊन उरलेली, नावं सहज वाचता येत होती. गुंडाळी काढून घेतली. ताई आणि मी कात्रीने तिचे तुकडे करत बसलोय, अजून अर्धी बाकी आहे. ते झाल्याशिवाय मशीन खाली न्यायचं नाही.